जुनी रोड बाईक घेतेय, योग्य किंमत कशी काढायची?

चैत्रपालवी
नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं मी हायब्रिड सायकल चालवतेय. खडकवासला, सिंहगडाचा पायथा, सुट्टी असली की पानशेत. डिसेंबरमध्ये २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) करायचं मनावर घेतलंय आणि त्यासाठी रोड बाईक हवी आहे. दुकानात शिमानो कंपनीच्या सोरा गियरची साधी ॲल्युमिनियम फ्रेमची सायकल ५८,००० रुपये सांगितली. माझ्याकडे ३०,००० च्या आसपास आहेत.

कोथरूडमध्ये एक जुनी बघितली. ॲल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, सोरा, रिम ब्रेक, फ्रेमचं माप ५० सेंमी. विकणारे म्हणाले, "२०२१ ची आहे, फार तर हजारेक किलोमीटर झाली असेल." बिल नाही. ४२,००० सांगतायत, "थोडं इकडेतिकडे करू" म्हणाले. माझी उंची ५ फूट ४ इंच.

मला भाव करायचा फार संकोच वाटतो. समोरच्याला राग येईल असा आकडा तोंडातून जायला नको, आणि नंतर हळहळायचीही वेळ नको. किती म्हणू? आणि मुख्य म्हणजे तो आकडा तुम्ही काढता कसा?

डोंगरवाट
माझा हिशेब सोपा आहे. पहिल्या वर्षी ३०% गेले, पुढे दर वर्षी उरलेल्याच्या १०%. ५८,००० चे पहिल्या वर्षाअखेर ४०,६००, मग ३६,५००, ३२,९००, आणि चौथ्या वर्षाअखेर साधारण २९,६००. २६ पासून सुरू करा, ३० च्या वर जाऊ नका. आतापर्यंत तीन सायकली विकल्या आणि दोन घेतल्या, सगळ्या याच हिशेबाने.

पंक्चरकाका
डोंगरवाट, तुमचा हिशेब सायकल न बघता केलेला आहे. एकाच दिवशी घेतलेल्या दोन सायकली चार वर्षांनी माझ्या दुकानात येतात. एक दोन हजारांत रस्त्याला लागते, दुसरीला वीस हजार घातले तरी कुरकुर जात नाही. साल एकच, मग भाव एक कसा?

चैत्रपालवीताई, बघायला जाताना स्टीलची फूटपट्टी न्या. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर पिनचा मध्य येतो. अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेला असेल तर चेन बदलायला झाली. पूर्ण एक सूत गेला असेल तर चेनबरोबर कॅसेटही (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) गेली, कारण ताणलेल्या चेनने दाते खाल्लेले असतात आणि त्यावर नवी चेन घसरते. हजार किलोमीटर चाललेल्या चेनला एवढा ताण येत नाही. म्हणजे पट्टी तुम्हाला चेनची अवस्था सांगेल आणि मालकाच्या किलोमीटरचा अंदाजही.

रिम ब्रेक आहे म्हणताय तर रिमवर आडवं बोट फिरवा. ब्रेकचं रबर घासतं तिथे पन्हळीसारखी खोलगट लागली तर रिम झिजली. बऱ्याच रिमांवर बारीक खाच किंवा टिकली असते, ती पुसट झाली की चाक बदलायचं. पावसात घाट उतरलेल्या सायकलीच्या रिमा लवकर जातात, रबरात रेती अडकून कानशीसारखी चालते. चाकं बदलावी लागली तर व्यवहाराचं गणितच बदललं.

कोकणसडा
काकांच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली.

जुनाबाजार
दोन्ही बाजू वाचल्या. मला मुळात "नवी कितीची होती" हा प्रश्नच चुकीचा वाटतो. २०२०-२१ मध्ये सायकलींना तुफान मागणी होती आणि सुटे भाग मिळत नव्हते. त्या काळात ज्यांनी घेतली त्यांचं बिल फुगलेलं आहे. त्यांना ते पैसे आठवतात, साहजिक आहे, पण त्याचा भार पुढच्याने का उचलावा?

शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कर धरून ६०,००० ला मिळणारी सायकल, दुकानदाराने मूळ किंमत हलवली नाही तर, ५६,२५० ला मिळायला हवी. नवीचा भाव खाली आला की जुनीचाही येतो. ५८,००० हा आकडा ऑगस्टमधला असेल तर आधी दुकानात फोन करा. आज तशीच नवी कितीला मिळते, तिथूनच मोजायला सुरुवात करा.

तीन_आठ
मी उलट सांगेन. थोडं थांबा, पैसे साठवा आणि नवी घ्या. बहुतेक कंपन्यांची फ्रेमची हमी पहिल्या मालकापुरतीच असते. जुनी घेतलीत की ती हमी गेली. बीआरएमला रात्री अडीच वाजता कुठल्यातरी धाब्यासमोर गियरवायर तुटली की वाचवलेले पैसे आठवत नाहीत.

घाटमाथा
गियरवायर नव्या सायकलीचीही तुटते हो. वायर सोबत ठेवायची असते. आणि २०० ला साडेतेरा तास असतात, पहाटे सुटलात तर रात्री अडीचपर्यंत रस्त्यावर असायचं कारण नाही. :)

माझी पहिली सुपर रँडोनर मालिका, म्हणजे २००, ३००, ४०० आणि ६००, सगळी जुन्या सायकलीवर झाली. क्लॅरिस गियर, मागे आठ. ज्याने विकली त्याने ती डेक्कन क्लिफहँगरसाठी घेतली होती. पुणे ते गोवा ही स्पर्धा झाली की दरवर्षी अशा काही सायकली निघतात, हौसेने घेतलेल्या आणि नीट सांभाळलेल्या. ताई, घाई नसेल तर तेव्हाही नजर ठेवा.

तीन_आठ
वेळेचं मान्य. हमीबद्दल ठाम आहे.

शिरोळचा_सायकलवाला
ताई, सगळं बाजूला ठेवा. आधी बसून बघितलीसा काय? माप बसत नसंल तर फुकट मिळाली तरी महाग. माझ्या मेहुण्यानं ५६ ची फ्रेम स्वस्तात मिळती म्हणून घेतली, उंची माझ्याएवढीच, साडेपाच फूट. मालक म्हणाला सीट खाली करा. सीट खाली होती ओ, पण हँडल जवळ येतंय व्हय? सहा महिनं मानेला पट्टा लावून फिरला आणि घेतल्याच्या निम्म्या किमतीत विकली.

चैत्रपालवी
बसून बघितली, दहा मिनिटं चालवलीही. हात ताणले जात नाहीत, ब्रेकपर्यंत बोटं नीट पोचतात. माप बसतंय असं वाटतं. दुकानातही फोन केला: ५८,००० हा नव्या करानंतरचाच भाव आहे.

घाटमाथा
मग एक लक्षात घ्या. ५० ची फ्रेम जुन्या बाजारात क्वचित येते, म्हणजे ही सोडलीत तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही. पण त्यांनाही ५० घेणारं गिऱ्हाईक सहज मिळत नाही. किती दिवस विकायला ठेवली आहे ते हळूच विचारा.

बर्लिनकर
इथे जर्मनीत जाहिरातीतच किमतीपुढे 'फाउ-बे' अशी दोन अक्षरं असतात, म्हणजे भाव करायला वाव आहे. 'फेस्टप्राइस' लिहिलं असेल तर नाही. त्यामुळे चैत्रपालवी म्हणतात तो संकोच बराच कमी होतो. आपल्याकडे "थोडं इकडेतिकडे करू" हे त्या दोन अक्षरांचंच काम करतं. म्हणजे भाव केलेला त्यांना अपेक्षित आहे, राग येणार नाही.

स्ट्राव्हा (राईड नोंदवायचं ॲप) वापरत असतील तर सायकलीचे नोंदलेले किलोमीटर दाखवा म्हणावं. चांगला मालक आनंदाने दाखवतो. फक्त घरातल्या ट्रेनरवर (एका जागी चालवायच्या स्टँडवर) चालवलेली असेल तर जास्त जपून बघा. किलोमीटर रस्त्यावरचे नसले तरी घाम थेट हँडलवर आणि खालच्या बेअरिंगवर पडतो, टेपखाली ॲल्युमिनियम पांढरं पडून पोखरलेलं असतं.

कोकणसडा
मुंबईच्या गॅलरीतल्या सायकलींचंही तेच. समुद्राच्या खाऱ्या हवेने आऱ्यांची निपलं धरतात, चाकाचा आऊट काढायला (चाक सरळ करायला) गेलं की आरी तुटते. आणि सीटचा दांडा हलतो का ते जरूर बघा! माझ्या सायकलीचा दांडा फ्रेममध्ये असा बसला होता की शेवटी कापून काढावा लागला. बघायला जाल तेव्हा बोल्ट सैल करून दांडा वरखाली करून दाखवा म्हणायचं. एवढी एक गोष्ट मी केली असती तर चार हजार आणि दोन आठवडे वाचले असते.

स्पोक
चैत्रपालवी, फोटो टाकाल का? हँडलचा समोरून आणि क्रँकचा, म्हणजे पेडल लावलेल्या दांड्याचा, जवळून.

चैत्रपालवी
टाकलेत. तिसऱ्या फोटोत क्रँक आहे, थोडा अंधुक आलाय.

स्पोक
बघितले. जरा थांबा, ही २०२१ ची नाही.

दुसरा फोटो मोठा करून बघा. ब्रेकच्या लिव्हरच्या आतल्या बाजूने गियरवायर बाहेर निघून हवेत वळसा घेऊन खाली जाते. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. सोरा दोन पिढ्यांतली बघायला मिळते. ३५०० ही जुनी, तिची वायर अशी बाहेर दिसते. आर३००० ही २०१६ मध्ये आली, तिच्यात गियरची वायरही हँडलच्या टेपखालून जाते. दोन्हींना मागे नऊच गियर, म्हणून "सोरा, नऊ गियर" एवढंच सांगितलं तर फरक कळत नाही. २०२१ च्या नव्या सायकलीवर ३५०० असायचं काही कारण नाही.

खात्री करायची असेल तर क्रँकच्या मागच्या बाजूला, फ्रेमकडे तोंड असलेल्या भागावर, दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. शिमानोची ही तारीख आहे. पहिलं अक्षर वर्ष, दुसरं महिना. २००२ ला ए, पुढे ओळीने. महिन्यांना ए ते एल. मोबाईलचा टॉर्च लावून फोटो काढा.

डोंगरवाट
हे मला माहीत नव्हतं. स्पोक, धन्यवाद. म्हणजे माझा २९,६०० चा हिशेब चुकीच्या सालावर उभा होता.

जुनाबाजार
अवांतर आहे, पण अक्षरांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. कोणी शिमानोच्याच अल्टेग्रा किंवा ड्युरा-एस गियरची जुनी सायकल घेत असेल तर हीच दोन अक्षरं जीव वाचवू शकतात. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोने अकरा गियरचे काही क्रँक तपासणीसाठी परत बोलावले. अल्टेग्रा ६८०० व आर८०००, ड्युरा-एस ९००० व आर९१००. १ जुलै २०१९ च्या आधी बनलेले. त्यांचे दोन भाग चिकटवून जोडलेले असतात, ते उकलून क्रँक तुटू शकतो. अक्षरं के-एफ ते आर-एफ, म्हणजे जून २०१२ ते जून २०१९. असा क्रँक असेल तर अधिकृत दुकानात तपासणी झाली आहे का ते विचारा. झाली नसेल तर आधी तपासून आणा म्हणा, मगच भावाचं बोला.

शिरोळचा_सायकलवाला
के-एफ ते आर-एफ, पाठ केलं बघा. गावात दोघांकडं अल्टेग्रा हाय, सकाळीच टॉर्च घेऊन जातो.

चैत्रपालवी
आज पुन्हा जाऊन आले. अक्षरं एन-एच. म्हणजे ऑगस्ट २०१५?

स्पोक
हो. ए म्हणजे २००२ तर एन म्हणजे २०१५. सायकल दहा वर्षांची आहे.

तीन_आठ
सोडून द्या. ज्याने साल खोटं सांगितलं तो आणखी काय लपवत असेल?

चैत्रपालवी
मलाही आधी तसंच वाटलं, जरा रागच आला. पण त्यांना अक्षरं दाखवली तर ते खरंच गोंधळले. त्यांनी स्वतः २०२१ मध्ये दुसऱ्याकडून घेतली होती, ४५,००० ला, "जेमतेम वापरलेली" म्हणून. तेव्हा दुकानात सायकली मिळतच नव्हत्या. "२०२१ ची" म्हणजे त्यांनी घेतलेली २०२१ ची. माझ्यासमोरच त्यांच्या पत्नीने जुने मेसेज काढून दाखवले. मला त्यांचं वाईट वाटलं.

बाकी बघून आले ते: चेन पट्टीवर जवळजवळ एक सूत पुढे. रिमची खाच अजून दिसते, बोटाला खोलगट लागत नाही. सीटचा दांडा वरखाली झाला. टायरला बाजूने भेगा आहेत. फ्रेमचे जोड टॉर्चने बघितले, खालच्या बेअरिंगपाशी आणि हँडलखाली, कुठे तडा नाही. फोर्कवर ओरखडा आहे पण नखाला लागत नाही.

पंक्चरकाका
शाब्बास! माझ्या दुकानातल्या पोरांनी एवढं बघितलं तर मी रोज चहा पाजीन.

आता खर्च मांडतो, माझ्या साताऱ्याच्या भावाने. चेन १,४००, कॅसेट २,२००, दोन टायर ट्यूबसकट ५,०००, वायरी आणि टेप १,८००, ब्रेकची रबरं ६००, मजुरी १,२००. झाले १२,२००. पुण्यात थोडे जास्त धरा.

डोंगरवाट
मग नव्या माहितीवर: दहा वर्षांची, रिम ब्रेकची, नीट स्थितीतली. मी नव्याच्या ४०% पेक्षा जास्त धरणार नाही. ५८,००० चे ४०% म्हणजे २३,२००. त्यातून १२,२०० वजा, राहिले ११,०००. ११ म्हणा.

घाटमाथा
इथे मी अडवतो. डोंगरवाट, तुम्ही एकच झीज दोनदा कापताय. ५८ वरून २३ वर आलात ते कशामुळे? सायकल वापरलेली आहे म्हणूनच ना? त्या ४०% मध्येच चेन, टायर थोडे झिजलेले असणार हे आलं. वापरलेल्या सायकलीची चेन कोरी असावी अशी अपेक्षा कोणी करत नाही. आता वजा करायचं ते फक्त अपेक्षेपेक्षा जास्त झिजलंय तेवढंच. अर्धी झिजलेली चेन चालली असती, इथे पूर्ण गेली, तर फरक अर्ध्याचा. १२,२०० च्या निम्मे, ६,१०० वजा करा. १७,१०० आले.

पंक्चरकाका
घाटमाथा बरोबर बोलतायत. गिऱ्हाईक माझ्या खर्चाचा कागद घेऊन जातं आणि विकणाऱ्यापुढे अख्खा नाचवतं, ते मला कधीच पटत नाही. नवी चेन घातलीत तर ती पुढची तीन-चार हजार किलोमीटर तुम्हीच वापरणार, ती त्याने का विकत घेऊन द्यायची?

डोंगरवाट
मान्य. या बाजूने विचार केला नव्हता. मी विकलेल्या एका सायकलीत माझेच पैसे असे कापले गेले होते, आणि तेव्हा नेमकं काय खटकलं ते मला सांगता आलं नव्हतं.

जुनाबाजार
१७ ला माझीही हरकत नाही. माप दुर्मीळ आहे आणि रिमा शाबूत आहेत, म्हणून २० पर्यंत जायला हवं. त्यापुढे मात्र नाही. नवी बहुतेक मॉडेलं डिस्क ब्रेकवर गेली आहेत, पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हा रिम ब्रेकला गिऱ्हाईक आणखी कमी असेल.

कोकणसडा
पण त्यांनी ४५ दिलेत. १७ म्हटलं तर दार लावून घेतील.

बर्लिनकर
म्हणून नुसता आकडा सांगू नये, तो आला कुठून ते सांगावं. "मी १७ देते" आणि "नवी आज ५८ ला आहे, ही २०१५ ची आहे, एवढं काम निघालंय, त्यातलं निम्मं मी माझ्याकडे घेतलंय" यात फार फरक आहे. दुसरं ऐकणाऱ्याला नाही म्हणता येतं, पण अपमान वाटत नाही.

शिरोळचा_सायकलवाला
आणि बिल न्हाई हे इसरू नका. सायकलला आरटीओचं पुस्तक नसतंय, बिल हाच एक पुरावा. आमच्या इथं एकानं बिलाशिवाय झकास सायकल घेतली, चार महिन्यांनी चौकात मूळ मालकानं वळखली. चोरीची निघाली. पैसं गेलं, सायकल गेली, पोलीस ठाण्याच्या फेऱ्या येगळ्याच. खालच्या बेअरिंगच्या घराखाली फ्रेम नंबर असतोय. साध्या कागदावर नंबर, तारीख, रक्कम, दोघांच्या सह्या, त्यांच्या ओळखपत्राची झेरॉक्स. आणि त्यांनी ज्याच्याकडनं घेतली त्याचे मेसेज हायत म्हणताय, त्याचाबी फोटो घ्या.

स्पोक
+१. रोख देऊ नका, खात्यावर पाठवा, नोंद राहते.

तीन_आठ
सगळं वाचलं. मी असतो तर अजूनही नवीच घेतली असती, पण इतकं तपासून घेत असाल तर माझा विरोध नाही. फक्त घेतल्यावर बीआरएमच्या आधी किमान चारशे-पाचशे किलोमीटर चालवा. नवी सीट, नवं माप अंगाला लागायला वेळ लागतो.

चैत्रपालवी
मंडळी, सायकल घरी आली!

तुमचा हिशेब एका कागदावर लिहून नेला. घाटमाथा म्हणाले तसा, निम्मी झीज माझ्याकडे धरून. त्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "मी घेतली तेव्हा मला हे कोणी सांगितलं असतं तर." दोन दिवस मागितले. काल संध्याकाळी त्यांचाच फोन आला, २० म्हणाले. मी १८ म्हटलं. १९,००० ला ठरलं, आणि त्यात हवेचा उभा पंप, दोन बाटल्यांचे पिंजरे आणि पुढचा-मागचा दिवा त्यांनी आपणहून दिला. कागदावर फ्रेम नंबर लिहून सह्या झाल्या, पैसे खात्यावर गेले. काकूंनी मटकीची उसळ खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

दुकानात १३,१०० खर्च आला, म्हणजे काकांच्या अंदाजापेक्षा ९०० जास्त. एकूण ३२,१००. बजेटच्या दोन हजार वर गेले, पण पंप आणि दिवे मला घ्यायचेच होते.

आज पहाटे खडकवासल्यावरून पानशेतला जाऊन आले. हायब्रिडवर ज्या चढाला मी उतरायचे तिथे उतरले नाही. धरणाच्या भिंतीपाशी थांबले तर धुकं पाण्यावरून वर येत होतं.

पंक्चरकाका
मनापासून आनंद झाला ताई. जुनी चेन आणि कॅसेट दुकानदाराने दाखवली का? टाकून द्यायच्या आधी बघा, कुठल्या चकतीचे दाते जास्त झिजलेत त्यावरून आधीचा मालक कुठल्या गियरवर चालवायचा ते कळतं.

चैत्रपालवी
मागून आणली आहे काका. मधल्या तीन चकत्यांचे दाते धारदार झालेत, सगळ्यात मोठी चकती जवळजवळ कोरी आहे.

पंक्चरकाका
मोठी चकती चढासाठीच असते. मग ही सायकल घाट चढलेलीच नाही. आता चढवा.

शिरोळचा_सायकलवाला
गावातल्या दोन्ही अल्टेग्रा बघितल्या. एकावर पी-सी निघालं, म्हणजे मार्च २०१७. भावाला सांगितलंय, दुकानात दाखवून आणल्याबिगर बसायचं न्हाई.

घाटमाथा
चैत्रपालवी, २०० ची नोंदणी केलीत की इथे सांगा. आम्ही चौघे आहोत, पहिल्या चेकपॉइंटपर्यंत सोबत जाऊ.